आपल्याच कामाची नोंद ठेवणारा माणूस

अनेक जण मिळून वापरत असलेल्या युनिक्स किंवा लिनक्स संगणकावर बसून 'हिस्टरी' एवढा एकच शब्द टाईप केला, की पडद्यावर क्रमवार यादी उमटते. या माणसाने आजवर संगणकाला कोणकोणत्या आज्ञा दिल्या, कोणती फाईल उघडली, कोणती पुसली, कुठे चूक केली आणि तीच आज्ञा दुरुस्त करून पुन्हा कशी दिली, हे सारे त्या यादीत ओळीने वाचता येते. बँका, विद्यापीठे, दूरध्वनी कंपन्या, वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचे सर्व्हर अशा ठिकाणी काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या हाताला ही सवय इतकी जडलेली असते, की ती कुणी लावली याचा विचारही मनात येत नाही.

यादी दिसायला साधी असली तरी तिच्यातून दोन प्रश्न उभे राहतात. एका यंत्रावर पन्नास जण काम करीत असतील तर प्रत्येकाची नोंद वेगळी कशी राहते? आणि ती नोंद वाचण्याचा अधिकार नेमका कुणाचा, काम करणाऱ्याचा की यंत्र सांभाळणाऱ्याचा? या दोन्ही प्रश्नांचा माग काढत मागे गेले, की वाट एका मानसशास्त्रज्ञापाशी येऊन थांबते. त्याने 'हिस्टरी' ही आज्ञा लिहिली नाही. प्रसिद्ध झालेल्या एकाही यंत्रावर त्याचे नाव नाही. मात्र यंत्रापुढे बसलेल्या माणसाच्या कामाची नोंद घेतली पाहिजे, हे त्याने स्वतःवर प्रयोग करून दाखविले. आणि एका यंत्रापुढे अनेकांनी एकाच वेळी बसावे यासाठी सरकारी तिजोरी खुली करून दिली. त्याचे नाव जोसेफ कार्ल रॉबनेट लिक्लायडर. जगभरच्या संगणकशास्त्रज्ञांना तो केवळ 'लिक' या दोन अक्षरांनी ठाऊक होता.

कानाचा अभ्यासक

लिक्लायडर यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात सेंट लुई येथे झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. वडील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. लहानपणी विमानांच्या प्रतिकृती बनवायच्या, थोडे मोठे झाल्यावर जुन्या मोटारी खोलून पुन्हा जोडायच्या, हा त्यांचा छंद होता. वस्तू आतून कशी चालते हे पाहिल्याशिवाय चैन न पडणे हा स्वभाव तेव्हापासूनचा. सेंट लुईच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून १९३७ मध्ये त्यांनी पदवी घेतली ती भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र अशा तीन विषयांत. पुढच्याच वर्षी मानसशास्त्रात एम. ए. आणि १९४२ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय होता मांजराचा मेंदू वेगवेगळ्या उंचीचे स्वर नेमके कुठे नोंदवतो हा.

तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. हार्वर्ड विद्यापीठाच्या ध्वनिमानसशास्त्र प्रयोगशाळेत लिक्लायडर रुजू झाले. बॉम्बफेकी विमानांतील सैनिकांना इंजिनाच्या गोंगाटात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. त्यांचे बोलणे समजावे यासाठी रेडिओच्या ध्वनिलहरींवर कोणते संस्कार करावेत, हे त्यांचे काम. ध्वनिलहरींचे उंच शेंडे छाटून टाकले तरी बोलणे समजण्यात फारसा अडथळा येत नाही. उलट दुबळी व्यंजने अधिक स्पष्ट होतात, असे या प्रयोगांतून दिसून आले. पुढे १९५१ मध्ये कानाला स्वराची उंची कशी कळते याविषयी त्यांनी मांडलेला सिद्धांत श्रवणशास्त्रात आजही अभ्यासला जातो. संगणकाकडे वळले नसते तरी त्या क्षेत्रात त्यांचे नाव राहिले असते.

१९५० मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटीत आले. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यातील शीतयुद्ध तापू लागले होते. शत्रूची विमाने हेरण्यासाठी रडार आणि संगणक यांची सांगड घालणारी 'सेज' ही प्रचंड यंत्रणा एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत आकाराला येत होती. पडद्यापुढे बसलेल्या लष्करी कर्मचाऱ्याला काय दिसावे, त्याने यंत्राला काय सांगावे, हा भाग मानसशास्त्रज्ञांकडे आला. संगणकाशी माणूस समोरासमोर बसून व्यवहार करू शकतो, हे दृश्य लिक्लायडर यांनी येथे प्रथम जवळून पाहिले. त्या काळातील बाकीच्या जगात संगणकाचे दर्शन इतके सुलभ नव्हते.

स्वतःच्याच कामाचा पंचनामा

१९५७ च्या सुमारास लिक्लायडर यांनी एक विलक्षण उद्योग केला. शास्त्रज्ञ दिवसभर नेमके काय करतो, हे जाणून घेण्यासाठी त्यांनी स्वतःलाच प्रयोगाचा विषय बनविले. आपण कोणत्या कामात किती वेळ घालवतो याच्या नोंदी ते ठेवू लागले. नमुना एकाच माणसाचा, तोही स्वतःचा, हे त्यांना मान्य होते. पण हाती आलेले चित्र त्यांना चकित करून गेले.

ज्याला ते विचार करण्याचा वेळ समजत होते, त्यातील सुमारे ८५ टक्के वेळ विचार करण्याची तयारी करण्यातच जात होता. माहिती शोधणे, आकडे मोजणे, आलेख काढणे, दुसऱ्याच्या आकडेवारीशी आपली आकडेवारी जुळविणे ही सारी कारकुनी. एक उदाहरण त्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. गोंगाटात बोलणे किती समजते यावर सहा वेगवेगळे प्रयोग झाले होते. त्यांची तुलना करायची होती. प्रत्येकाने गोंगाटाचे माप निराळ्या पद्धतीने धरलेले असल्यामुळे सगळे आकडे एका पायावर आणून आलेख काढण्यात कित्येक तास गेले. आलेख समोर आल्यावर निष्कर्ष कळायला लागले काही सेकंद. याहून बोचणारी गोष्ट म्हणजे, कोणते काम हाती घ्यायचे हेही बौद्धिक महत्त्वावरून न ठरता, कारकुनी किती झेपेल यावरून ठरत होते.

याच सुमारास ते एमआयटी सोडून केंब्रिज येथील 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या ध्वनिशास्त्राच्या कंपनीत उपाध्यक्ष म्हणून गेले होते. संगणक घेण्यासाठी त्यांनी कंपनीचे मन वळविले. कंपनीला तेव्हा त्याचा नेमका उपयोग काय हेही स्पष्ट नव्हते. पुढे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-१ हा नवा कोरा संगणक सर्वात आधी याच कंपनीत आला. त्याच्यापुढे बसून, कळा दाबून आणि लगेच उत्तर मिळवून लिक्लायडर यांनी अनुभव घेतला, की आपली ८५ टक्के कारकुनी हे यंत्र उचलू शकते.

मार्च १९६० मध्ये त्यांचा मानव आणि संगणक यांच्या सहजीवनावरील निबंध प्रसिद्ध झाला. वनस्पतिशास्त्रातील सहजीवनाची कल्पना त्यांनी उचलली होती. अंजिराचे झाड आणि त्यातील चिलट जसे एकमेकांवाचून जगू शकत नाहीत, तसे माणसाने उद्दिष्ट ठरवावे, प्रश्न विचारावेत, निर्णय घ्यावा. आणि यंत्राने त्यासाठी लागणारी हमाली करावी. त्या वेळी एक गट यंत्रे माणसाची जागा घेतील असे म्हणत होता, दुसरा त्यांना निव्वळ आकडेमोडीची साधने मानत होता. लिक्लायडर यांनी दोघांच्या मधला मार्ग सुचविला. हा छोटेखानी निबंध संगणकशास्त्राच्या इतिहासातील अतिशय प्रभावी लेखनांपैकी एक समजला जातो.

पंगत आणि वाढपी

या स्वप्नात एक मोठी अडचण होती. संगणक लाखो डॉलरांचा. एका शास्त्रज्ञाने त्यापुढे बसून विचार करायचा म्हटले, तर त्याच्या प्रत्येक जांभईचा खर्च संस्थेला परवडणार नव्हता. म्हणूनच त्या काळी संगणक केंद्रात वापरणाऱ्याला प्रवेशच नसे. त्याने आपला प्रोग्रॅम पंच कार्डांवर छापून खिडकीवर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तराचा कागद घ्यायला यायचे. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा एक दिवस.

यावर तोडगा निघाला तो 'टाइमशेअरिंग'चा. लग्नाच्या पंगतीत शंभर पाने मांडलेली असतात आणि वाढपी एकच असतो. तो प्रत्येकाच्या पानापाशी क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. तो पुरेसा चपळ असेल तर प्रत्येकाला वाटते, आपल्याकडेच लक्ष आहे. संगणक माणसाच्या तुलनेत इतका चपळ असतो, की माणूस दोन अक्षरे टाईप करतो तेवढ्या अवधीत तो सगळ्या पानांवरून फिरून येऊ शकतो. ब्रिटनमध्ये ख्रिस्तोफर स्ट्रॅची आणि एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास या दिशेने विचार मांडला. एमआयटीतील फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये अशा यंत्रणेचे पहिले प्रात्यक्षिक दाखविले. तिचे नाव 'सीटीएसएस'. लिक्लायडर यांच्या कंपनीतही मॅकार्थी यांच्या सल्ल्याने १९६२ मध्ये पीडीपी-१ वर असा प्रयोग झाला.

कल्पना होती, माणसे होती, प्रात्यक्षिकही झाले होते. मोठ्या प्रमाणावर पैसा ओतायला मात्र कुणी तयार नव्हते.

संरक्षण खात्याची तिजोरी

ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संशोधन संस्थेने लिक्लायडर यांना बोलावून घेतले. संगणकविषयक संशोधनाला पैसा वाटणारा विभाग त्यांच्या हाती आला. लष्करी आदेश आणि नियंत्रण यांत संगणकाचा उपयोग करणे, हे या विभागाचे अधिकृत काम. सेनापतीला निर्णय घेण्यासाठी संगणकापुढे बसता आले पाहिजे, आणि त्यासाठी आधी माणूस आणि संगणक यांच्यातील व्यवहार सुधारला पाहिजे, असा युक्तिवाद लिक्लायडर यांनी केला. तो मान्य झाला.

नोव्हेंबर १९६२ मध्ये व्हर्जिनियातील हॉट स्प्रिंग्ज येथील परिषदेहून परतताना आगगाडीत लिक्लायडर आणि एमआयटीचे प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांचे बोलणे झाले. त्या प्रवासातील गप्पांनंतर काही दिवसांतच फॅनो यांनी प्रस्ताव लिहिला. १ जुलै १९६३ रोजी 'प्रोजेक्ट मॅक' सुरू झाला. आरंभीचे अनुदान होते सुमारे २० लाख डॉलर. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, स्टॅनफर्ड, कार्नेगी अशा ठिकाणीही पैसा गेला. पुढे ज्यांनी संगणकाचा 'माऊस' जगाला दिला, त्या डग्लस एंगलबार्ट यांच्या कामालाही लिक्लायडर यांनी सुरुवातीच्या काळात मदत केली. अनेक विद्यापीठांतून संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची पायाभरणी या पैशातून झाली.

एप्रिल १९६३ मध्ये आपल्या अनुदानावर काम करणाऱ्या सर्व मंडळींना त्यांनी एक टिपण पाठविले. टिपणाच्या मथळ्यात या सर्वांना त्यांनी गमतीने आंतरदीर्घिकीय (इंटरगॅलॅक्टिक) संगणकजालाचे सदस्य म्हटले होते. प्रत्येक ठिकाणचा संगणक निराळी भाषा बोलत असेल तर एका ठिकाणच्या माणसाने दुसरीकडची माहिती आणि प्रोग्रॅम वापरायचे कसे, हा त्यातील प्रश्न. याच विभागातून सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, आर्पानेट सुरू झाले. आजच्या इंटरनेटचे ते पूर्वरूप.

स्वभावाने लिक्लायडर साहेब नव्हते. मिसुरीचा संथ हेल, हातात कोका-कोलाची बाटली, चेहऱ्यावर हसू. मंत्रालयात बसून अहवाल मागविण्याऐवजी प्रयोगशाळांत जाऊन तरुणांशी गप्पा मारायच्या, चांगला माणूस दिसला की त्याला पैसा द्यायचा आणि मग त्याच्या कामात लुडबुड करायची नाही, ही त्यांची पद्धत. सरकारी अनुदानाच्या जगात ती विरळाच म्हटली पाहिजे.

परवलीचे शब्द आणि एक खोडी

एका यंत्रावर अनेक माणसे आली आणि शेजारधर्माबरोबर शेजारच्या भानगडीही आल्या. सीटीएसएसमध्ये आयबीएम ७०९४ या संगणकाला ३२ हजार शब्दांच्या स्मृतीचे दोन कप्पे होते. एकात देखरेख करणारा प्रोग्रॅम, दुसऱ्यात वापरणाऱ्यांची कामे आळीपाळीने. एका वेळी सुमारे तीस जण टर्मिनलवर काम करीत. प्रत्येकाच्या फायली स्वतंत्र, प्रत्येकाला मिळणारा संगणकाचा वेळ ठरलेला. कुणी किती वेळ वापरला याचा हिशेब यंत्र ठेवी. साहजिकच, बसलेला माणूस तोच आहे याची खात्री करणे आले, आणि त्यासाठी पासवर्ड आला. आज सामान्य माणसाच्या डोक्याला ताप देणारी ही प्रथा प्रथम रुजली ती अशा बहुवापरकर्ता यंत्रांवर.

पासवर्डची पहिली चोरीही तिथेच झाली. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला संगणकाचे चार तास मिळत. त्याच्या प्रबंधाला ते पुरत नव्हते. शेर यांनी अनेक वर्षांनी सांगितलेल्या आठवणीनुसार, फायली छापून घेण्याची विनंती पंच कार्डाद्वारे करण्याची सोय होती. १९६२ मधील एका शुक्रवारी रात्री त्यांनी पासवर्डची फाईलच छापण्याची विनंती टाकली आणि शनिवारी पहाटे जाऊन कागद उचलला. दोष एकट्याच्या माथी येऊ नये म्हणून ही यादी त्यांनी इतरांनाही वाटली. ती ज्यांच्या हाती पडली त्यांत लिक्लायडरही होते, आणि त्यांनी फॅनो यांच्या खात्यात शिरून चिडविणारे संदेश ठेवायला सुरुवात केली, अशी शेर यांची आठवण आहे.

हा किस्सा संगणकाच्या इतिहासात हसत हसत सांगितला जातो. चाळीतल्या मुलांनी शेजाऱ्याच्या दाराला बाहेरून कडी लावावी तसा तो खोडकरपणा होता. परंतु ज्या माणसाने आपल्या कामाची नोंद स्वतः ठेवली, त्याच माणसाने दुसऱ्याच्या खात्यात डोकावण्याची मौज घ्यावी, यात पुढच्या काळाची चाहूल होती. १९६० च्या दशकाच्या मध्यात याच यंत्रणेवर एक अपघात घडला. दोन तंत्रज्ञ एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करीत होते. एक दैनंदिन सूचनेची, दुसरी पासवर्डची. संपादनाचा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाईलला दरवेळी तेच नाव देत असे. एकाच खात्यातून दोघे काम करतील ही शक्यता तो लिहिताना गृहीत धरलेली नव्हती. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले. अनेकांनी वापरायच्या यंत्रात खासगीपणा आपोआप येत नाही, तो मुद्दाम घडवावा लागतो, हा धडा या पिढीने असा किंमत मोजून घेतला.

आज्ञांची वही

लिक्लायडर यांच्या सहजीवनाच्या कल्पनेने झपाटलेल्या तरुणांत वॉरन टायटलमन हा एमआयटीचा विद्यार्थी होता. १९६६ च्या त्याच्या प्रबंधाच्या शीर्षकातच मानव-संगणक सहजीवनाकडे टाकलेले पाऊल असा उल्लेख होता. पुढे तो लिक्लायडर यांच्याच जुन्या कंपनीत, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमनमध्ये गेला. तेथील लिस्प भाषेच्या यंत्रणेत त्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला साहाय्यक ठरणारी एक सोय तयार केली. माणूस देत असलेली प्रत्येक आज्ञा ती लक्षात ठेवी. मागची आज्ञा पुन्हा करायला सांगता येई, तिच्यात दुरुस्ती करता येई, इतकेच काय, केलेले काम मागे घेता येई. सहकारी जसे अगोदर काय बोलणे झाले ते लक्षात ठेवतो, तसे यंत्रानेही ठेवावे, हा त्यामागचा हेतू. १९७२ मध्ये टायटलमनने यावर निबंध प्रसिद्ध केला.

लिक्लायडर यांनी ज्या बर्कली विद्यापीठाला अनुदान दिले होते, तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिल जॉय हा विद्यार्थी युनिक्ससाठी 'सी-शेल' नावाचा प्रोग्रॅम लिहीत होता. वापरणाऱ्याच्या आज्ञा ऐकून त्या यंत्रापर्यंत पोहोचविणारा हा मध्यस्थ. टायटलमनच्या यंत्रणेवरून स्फूर्ती घेऊन जॉयने त्यात 'हिस्टरी'ची सोय घातली. दोन उद्गारचिन्हे टाईप केली की मागची आज्ञा पुन्हा चालू लागे. उद्गारचिन्हापुढे क्रमांक दिला की यादीतील त्या क्रमांकाची आज्ञा. ही सोय इतकी लोकप्रिय झाली, की १९८९ मध्ये आलेल्या 'बॅश' या शेलसह पुढच्या बहुतेक शेलनी ती उचलली.

आज बॅशमध्ये, मुद्दाम बदल न केल्यास, शेवटच्या ५०० आज्ञा लक्षात राहतात. काम संपवून बाहेर पडताना त्या वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, नावाच्या आधी टिंब असलेल्या, म्हणजे सहसा नजरेआड राहणाऱ्या फाईलमध्ये लिहिल्या जातात. प्रत्येकाची फाईल वेगळी. ती वाचण्याची मुभा एरवी फक्त मालकाला असते. तथापि, यंत्राचा मुख्य व्यवस्थापक, ज्याला युनिक्सच्या परिभाषेत 'रूट' म्हणतात, त्याला कोणतीच फाईल बंद नसते. तो कुणाचीही वही उघडून वाचू शकतो. घाईत एखाद्याने आज्ञेच्या ओळीतच पासवर्ड टाईप केला, तर तोही वहीत उतरतो आणि तिथेच राहतो.

या वहीवर पुरावा म्हणून भिस्त ठेवता येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मालक ती पुसू शकतो, नोंद थांबवू शकतो. म्हणून यंत्रणा स्वतःची वेगळी हजेरीपटासारखी नोंद ठेवू शकते. कुणी, कोणत्या टर्मिनलवरून, केव्हा, कोणता प्रोग्रॅम चालविला हे त्यात असते. त्या प्रोग्रॅमला पुढे काय सांगितले ते मात्र नसते. पहिली वही वापरणाऱ्याच्या सोयीसाठी, दुसरी मालकाच्या हिशेबासाठी. दोहोंमधील हा फरक लिक्लायडर यांच्या आयुष्यातही एकदा तीव्रपणे समोर आला.

विद्यार्थ्यांचा विरोध

१९६४ मध्ये आर्पा सोडून लिक्लायडर आयबीएममध्ये गेले. काही वर्षांनी एमआयटीत परतले आणि १९६८ मध्ये प्रोजेक्ट मॅकचे संचालक झाले. १९६५ मध्ये भविष्यातील ग्रंथालयांवरील त्यांचे पुस्तक आले होते. एप्रिल १९६८ मध्ये आर्पातील त्यांचे एक उत्तराधिकारी रॉबर्ट टेलर यांच्यासह त्यांनी संगणक हे संपर्काचे साधन होईल, असे सांगणारा लेख लिहिला. समान आवडीची, पण दूरदूर राहणारी माणसे जालावर एकत्र येतील, हे भाकीत त्यात होते. ही सोय मोजक्या लोकांचीच मिरास राहिली, तर बौद्धिक संधींमधील विषमता उलट वाढेल, असा इशाराही होता.

१९६९ मध्ये लिक्लायडर आणि राज्यशास्त्राचे प्राध्यापक इथिएल डी सोला पूल यांच्या पुढाकाराने 'केंब्रिज प्रोजेक्ट' जाहीर झाला. समाजशास्त्रज्ञांना माणसांविषयीची प्रचंड आकडेवारी संगणकावर एकत्र आणून, टर्मिनलपुढे बसून तपासता यावी, असा त्याचा उद्देश सांगितला गेला. लिक्लायडर यांच्या दृष्टीने १९५७ मध्ये स्वतःच्या टेबलावर पाहिलेल्या कारकुनीवरचे हे उत्तर होते. मात्र पैसा संरक्षण खात्याचा होता, आणि व्हिएतनाममध्ये युद्ध पेटलेले होते. एमआयटी आणि हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. लोकांची माहिती गोळा करून ती लष्कराच्या हाती पडेल, परदेशातील बंडे आणि देशातील असंतोष दडपण्यासाठी तिचा वापर होईल, अशी त्यांची भीती होती. हार्वर्डने संस्था म्हणून औपचारिक सहभाग टाळला. काही प्राध्यापक व्यक्तिशः सामील झाले आणि प्रकल्प चालू राहिला.

लिक्लायडर यांचा हेतू शुद्ध होता याविषयी त्यांना ओळखणाऱ्यांच्या मनात शंका नव्हती. पण हेतू चांगला असणे आणि साधन सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निदर्शने करणाऱ्या तरुणांनी अचूक ओळखले होते, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते. स्वतःच्या वेळेची नोंद स्वतः ठेवणाऱ्या माणसाला त्या नोंदीचा धाक नसतो. नोंद दुसरा ठेवतो आणि ती वाचण्याचा अधिकार तिसऱ्याकडे जातो, तेव्हा तिचे स्वरूप पालटते. पुढच्या काळात, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ लेखात, इसवी सन २००० मधील संगणकजालाची कल्पना करताना लिक्लायडर यांनी सरकार, व्यापार आणि नागरिक यांच्यात या सत्तेची वाटणी कशी होणार, या प्रश्नाला बरीच जागा दिली.

अखेरची वर्षे

१९७४ मध्ये ते पुन्हा आर्पातील जुन्या खुर्चीवर बसले. परंतु पहिल्या खेपेचे मोकळे वातावरण उरले नव्हते. प्रत्येक रुपयाचा, म्हणजे तेथील डॉलरचा, लष्करी उपयोग दाखवा असा आग्रह धरला जाऊ लागला होता. १९७५ मध्ये ते एमआयटीला परतले. त्यांच्या गटातील मुलांनी 'झॉर्क' नावाचा खेळ तयार केला होता. खेळणाऱ्याने आज्ञा टाईप करायची आणि संगणकाने शब्दांतच उत्तर द्यायचे. १९७९ मध्ये या मंडळींनी 'इन्फोकॉम' ही कंपनी काढली, तेव्हा साठीच्या उंबरठा ओलांडलेले लिक्लायडरही संस्थापकांमध्ये होते. १९८५ मध्ये ते निवृत्त झाले. दम्याचा त्रास त्यांना अनेक वर्षे होता. २६ जून १९९० रोजी मॅसॅच्युसेट्समधील आर्लिंग्टन येथे, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी लुईस, एक मुलगा आणि एक मुलगी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची पहिली आवृत्ती चालू केली. लिक्लायडर यांनी वर्णन केलेले जाल घरोघरी पोहोचलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपण संकेतस्थळावर काय शोधले, कोणत्या दुकानात काय पाहिले, कोणत्या रस्त्याने गेलो, याच्या नोंदी आज कुठल्या कुठल्या सर्व्हरवर साठत असतात. त्यातील फारच थोड्या आपल्याला दिसतात. बहुतेक वाचणारा 'रूट' कोण, हेही ठाऊक नसते. लिक्लायडर यांनी १९५७ मध्ये ठेवलेली नोंद मात्र एका माणसाची होती. ती लिहिणाराही तोच आणि वाचणाराही तोच. तिच्यातून त्याला आपला वेळ कुठे जातो ते कळले आणि तो वेळ वाचविण्याचा मार्ग त्याने साऱ्या जगासाठी शोधला. तंत्रज्ञांच्या पडद्यावर 'हिस्टरी'ची यादी जेव्हा उमटते, तेव्हा तिच्या तळाशी हा मूळ हेतू असतो. ती यादी अजूनही, निदान नियमाने, त्या माणसाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहते आणि ती पुसून टाकण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो.